ताज्या स्ट्रॉबेरीची मार्गारिता घरी, क्रश न वापरता

मृद्गंधा

गेल्या रविवारी पाचगणीहून परत येताना, पसरणी घाट लागायच्या आधी रस्त्याकडेच्या एका काकांकडून स्ट्रॉबेरीची दोन किलोची पेटी घेतली. गाडीच्या काचा बंद होत्या, पुण्यात पोचेपर्यंत गाडीभर नुसता वास. तो वास मार्गारिताच्या, म्हणजे टकीला आणि लिंबाच्या कॉकटेलच्या, ग्लासात उतरवायचाच, असं मनाशी ठरवलं. गेले दोन हिवाळे मला ते जमलं नव्हतं.

पहिल्या वर्षी बाटलीतला क्रश घातला होता. रंग सुंदर आला आणि चव खोकल्याच्या औषधाची. दुसऱ्या वर्षी ताजी फळं घेतली, पण साखर घालून गॅसवर पाक केला. पातळ केलेला जॅम प्यायल्यासारखं लागलं. यंदा चूक कळली. स्ट्रॉबेरीला आच दाखवायचीच नाही. तिचा वास इतका नाजूक असतो की उकळी येईपर्यंत तो स्वयंपाकघरभर पसरून संपतो आणि पातेल्यात उरतो फक्त गोडवा.

तर असं केलं. पाव किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुतल्या, पुसून कोरड्या केल्या आणि मग देठं काढली. (आधी देठ काढून धुतलं तर त्या भोकातून पाणी आत जातं आणि फळ मिळमिळीत होतं.) चार-चार फोडी केल्या, त्यावर १०० ग्रॅम साखर भुरभुरवली, काचेच्या बरणीत झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. एवढंच. आंब्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसंच साखर फळातलं पाणी ओढून घेते. सकाळी बरणीत माणकासारखा लाल, दाटसर रस होता. चहाच्या गाळणीतून गाळला. फोडी दाबल्या नाहीत, आपसूक निथळू दिल्या. त्या फोडी दह्यात घालून नाश्त्याला खाल्ल्या.

एका ग्लासाचं माप: टकीला ६० मिली, हा रस ३० मिली, कागदी लिंबाचा रस २५ मिली (साधारण दोन लिंबं), चिमूटभर मीठ आणि दोन ताज्या स्ट्रॉबेरी. माप घ्यायला मी औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण वापरते. ताज्या स्ट्रॉबेरी स्टीलच्या डब्यात लाटण्याच्या टोकाने हलक्या हाताने चेचायच्या, बाकी सगळं ओतायचं, डबा बर्फाने भरायचा, घट्ट झाकण लावून फडक्यात धरून पंधरा सेकंद जोरात हलवायचा. डब्याला बाहेरून दव धरलं की झालं. गार ग्लासात गाळून घ्यायचं.

मीठ ग्लासाच्या अर्ध्याच काठाला लावा. म्हणजे प्रत्येक घोटाला मीठ हवं की नको, हे पिणाऱ्याला ठरवता येतं.

मार्गारितात एरवी संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे संत्र्याच्या चवीचं गोड मद्य, घालतात. माझ्याकडे ते नव्हतं, न घालताच केलं आणि मला काही कमी वाटलं नाही. पण जाणकारांनी सांगा. टकीला कोणती घ्यावी यावरही लिहा, दुकानात गेलं की माझा गोंधळ उडतो.

नवखा

वाचनखूण साठवली. मी सरळ मिक्सरमध्ये सगळं फिरवायचो. फेस यायचा आणि थोड्या वेळाने वर गाळ, खाली पाणी असं व्हायचं. ते का होतं?

रसायन

मिक्सर दोन गोष्टी करतो. एक, हवा घुसळतो. फळातलं पेक्टिन आणि गराचे बारीक कण ती हवा धरून ठेवतात, म्हणून फेस टिकतो आणि गर वर तरंगतो. दोन, बिया फोडतो. स्ट्रॉबेरीवर बाहेर जे पिवळे दाणे दिसतात ते फुटले की कडवट, तुरट चव उतरते. ब्लॅकबेरी किंवा रासबेरी असेल तर ती आणखी जाणवते. मृद्गंधाताईंनी रात्रभर साखरेत ठेवलं, त्यात बिया शाबूत राहतात.

मिठाबद्दल. चिमूटभर मीठ पेय खारट करत नाही, ते जिभेला कडूपणा कमी जाणवू देतं आणि त्यामुळे फळ पुढे येतं. चिमटीचं माप दर वेळी वेगळं पडतं म्हणून मी २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत ठेवतो. एका ग्लासाला तीन थेंब. एकदा करून बघा, मीठ घातलेलं आणि न घातलेलं शेजारी ठेवून.

लांबचा_प्रवासी

मी नोकरीनिमित्त चार वर्षं मेक्सिकोत, ग्वादालाहाराला राहतो. हे हालिस्को राज्याचं मुख्य शहर आणि टकीला नावाचं गाव इथून गाडीने तासाभरावर. त्यामुळे टकीलाच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

ताई, बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. "१०० टक्के आगावे" (टकीला जिच्यापासून करतात ती वनस्पती) असं लिहिलेलं असेल तर घ्या. ते नसेल तर त्यात किमान ५१ टक्के साखर आगावेची असते आणि बाकीची उसाची किंवा दुसरी कुठलीही चालते. कायद्याने तीही टकीलाच, पण डोकं धरायला लावणारी आणि घशाला चरचरणारी म्हणून लोक जिला नावं ठेवतात ती बहुधा हीच. सोनेरी रंगाला भुलू नका, तो बरेचदा कॅरामलचा असतो.

मग प्रकार. ब्लांको म्हणजे न मुरवलेली, पाण्यासारखी स्वच्छ. रेपोसादो किमान दोन महिने लाकडी पिंपात, आन्येहो किमान एक वर्ष. ताज्या फळासाठी ब्लांकोच. पिंपातल्या लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास स्ट्रॉबेरीवर बसतो आणि तिला दाबतो. आन्येहो तर नुसतीच, हळूहळू घोट घेत प्यायची गोष्ट आहे.

आगावे म्हणजे आपलं घायपातच. गावाकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला दिसतं, ज्याच्या पानांचा वाख काढून दोर वळतात, त्याच कुळातलं. टकीलाचं घायपात मात्र निळसर असतं आणि कायद्याने तीच एक जात चालते. लावल्यापासून काढायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. हिमादोर म्हणजे ते तोडणारे कामगार. लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या कोआ नावाच्या हत्याराने सगळी पानं सपासप छाटतात आणि आत राहतो मोठ्या अननसासारखा गड्डा. त्याला पिन्या म्हणतात, म्हणजे अननसच. ते गड्डे विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस वाफेवर शिजवतात. भट्टी उघडतात तेव्हा जो वास येतो तो थेट भाजलेल्या रताळ्याचा! पहिल्यांदा तो आला तेव्हा मला माझ्या आजीची चूल आठवली आणि मी तिथेच उभा राहिलो. शिजलेला तुकडा उसासारखा चघळायला देतात. गोड आणि चोथट.

शिजवतात यासाठी की कच्च्या गड्ड्यातल्या साखरेच्या लांब साखळ्या यीस्टला खाता येत नाहीत. उष्णतेने त्या तुटून फळसाखर होते, मग ती आंबते. आपल्याकडचं कच्चं घायपात मात्र कुणी चाखून बघू नका. त्याचा चीक अंगाला लागला तरी आग होते.

आणि स्ट्रॉबेरी-टकीलाची जोडी मुळीच परकी नाही. हालिस्कोत घायपाताच्या रांगांपासून थोड्या अंतरावर रासबेरी आणि ब्लूबेरीचे प्लास्टिकने झाकलेले मांडव दिसतात. शेजारचं मिचोआकान राज्य ब्लॅकबेरी आणि स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. एकाच मातीतली फळं आहेत ही.

कृष्णाकाठ

धागा बघून राहवलं नाही. आमची स्ट्रॉबेरी आहे, भिलारच्या बाजूला, तीन पिढ्यांची जमीन. दारूतलं मला कळत नाही, मी घेत नाही. फळाबद्दल सांगतो.

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा आढीत पिकतो, केळं पिकतं, ही नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. रंग पुढे थोडा चढतो, गोडी चढत नाही. लांबच्या बाजाराला माल पाठवायचा तर पाऊण लाल असताना तोडावा लागतो, नाहीतर वाटेत पाणी होतं. म्हणून मुंबईत खोक्यात पांढऱ्या खांद्याचं फळ मिळतं. तुमच्या कामाला ते नको. देठापर्यंत लाल, झाकण उघडल्याबरोबर वास येणारं घ्या. मोठं फळ दिसायला छान, पण मार्चमध्ये ऊन वाढलं की फळ लहान होतं आणि चवीला भरतं. त्याला भाव मिळत नाही, बरचसं प्रक्रियेला जातं. रस काढायला तुम्ही तेच मागून घ्या. स्वस्त पडेल आणि शेतकऱ्याचाही माल उठेल.

वाण विचारत चला. स्वीट चार्लीला आंबटपणा कमी, वास चांगला. कॅमारोसा कडक, आतपर्यंत गडद, रंग हिचाच. विंटर डॉन लवकर येते. नाबीलाही आता पुष्कळ आहे. आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरून लावतो, ठिबकवर. नोव्हेंबरच्या शेवटी पहिलं फळ दिसतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते खोक्यावर बघून घ्या, कारण दुसरीकडचा माल आमच्या नावाने विकला जातो आणि ते बघून फार वाईट वाटतं.

मृद्गंधा

कृष्णाकाठ दादा, मनापासून आभार. मी नेमकी मोठी फळं निवडून घेतली होती. पुढच्या फेरीत मार्चमधली बारीक घेते.

लांबचा_प्रवासी, रताळ्याचं वाचून कपाटातली बाटली काढून पुन्हा वास घेतला. खरंच आहे! आता तो वास मला जाणवल्यावाचून राहत नाही.

डॅलसकर

तुमच्या मापाने केलं. छान झालं, पण आंबट कमी वाटलं. इथलं हिरवं मोठं लाईम वापरलं होतं.

लांबचा_प्रवासी

फरक तिथेच आहे. तिकडे दुकानात जे मोठं, बिनबियांचं मिळतं ते पर्शियन लाईम. मेक्सिकोत नुसतं लिमोन म्हटलं की बारीक, पातळ सालीचं, बियांचं लिंबू हातात येतं, आणि ते म्हणजे आपलं कागदी लिंबू. जात एकच. हे फळ मूळचं आशियातलं, अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं. घायपात उलट तिकडून आपल्याकडे आलं. म्हणजे पुण्यात मंडईतून लिंबं आणणारी मृद्गंधाताई डॅलसमधल्या माणसापेक्षा मूळ चवीच्या जास्त जवळ आहे. तुमच्याकडे मेक्सिकन दुकानात "की लाईम" या नावाने तेच मागा. नाही मिळालं तर रस ३० मिलीपर्यंत वाढवा.

मृद्गंधा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्याकडे राहुरी विद्यापीठाचं साई शरबती लिंबू मिळतं, रसाला भरपूर. लिंबू ऐनवेळी पिळा, एवढंच मी सांगेन. सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळी बेचव होतो.

डॅलसकर

मिक्सरवाल्यांची बाजू मात्र मी घेणार. इथे उन्हाळ्यात ४० अंश असतं तेव्हा बर्फाळ, चमच्याने खाण्याजोगी मार्गारिताच हवी. पहिलं फ्रोझन मार्गारिता मशीन याच शहरात झालं. मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ साली सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात बदल करून ते बनवलं, कारण गर्दीच्या वेळी मिक्सरवर दर ग्लासाची चव वेगळी होत होती. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

माझी पद्धत: बर्फ घालायचाच नाही. स्ट्रॉबेरीच्या फोडी ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये कडक करायच्या आणि बर्फाच्या जागी त्याच वापरायच्या. पाणी शिरत नाही. गोडी थोडी वाढवावी लागते, कारण इतक्या थंड जिभेला गोड कमी कळतं. बियांचा कडवटपणा म्हणाल तर दहा सेकंदांच्या वर फिरवू नका.

रसायन

हे बरोबर आहे. शिवाय गोठलेल्या फळात बर्फाच्या सुया पेशी फोडतात, म्हणून ते वितळताना रस भराभर सुटतो. हंगाम संपताना फळ गोठवून ठेवलं तर मृद्गंधाताईंचा साखरेतला रसही त्याचा उत्तम होतो.

सुगरण७२

अगं मृद्गंधा, तुझी कृती मी टकीलाशिवाय केली. स्ट्रॉबेरीचा रस, लिंबू, मीठ, वर गार सोडा आणि पुदिन्याची दोन पानं तळहातावर टाळी वाजवल्यासारखी थोपटून. यांनी दोन ग्लास घेतले, नातवंडांनी तीन. एक सुचवते. साखर लावताना त्यात नागपुरी संत्र्याची साल घाल. फक्त केशरी भाग, बटाट्याच्या सालकाढण्याने पातळ काढायचा, आतला पांढरा येऊ द्यायचा नाही, तो कडू. साखर सालीतलं तेल ओढून घेते. तू संत्र्याचं लिक्युअर नाही म्हणालीस ना, ती उणीव भरून निघेल. फेब्रुवारीत संत्रीही असतात आणि स्ट्रॉबेरीही.

मृद्गंधा

काकू, किती छान! आजच करते.

लांबचा_प्रवासी

लिक्युअर न घालणारी मृद्गंधाताई एकटी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बेर्मेहो यांनी संत्र्याचं लिक्युअर काढून टाकून फक्त टकीला, लिंबू आणि आगावे सिरप ठेवलं. आज ती टॉमीज मार्गारिता म्हणून जगभर बनते. चांगली टकीला असेल तर तिला झाकायला दुसरं मद्य कशाला, हे त्यामागचं म्हणणं. मला ते पटतं, आणि फळ घालणार असाल तर दुप्पट पटतं.

मांडवीतीर

एक शंका. रसभरी वापरली तर? पणजीच्या बाजारात कागदी कवचातली पिवळी मिळाली.

रसायन

ती रसभरी वेगळी आणि रासबेरी वेगळी. तुमच्याकडे आहे ती टोमॅटोच्या कुळातली, फायसॅलिस. रासबेरी काटेरी झुडपाची, गुलाबाच्या कुळातली. नावांमुळे कायम घोळ होतो. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत तुमची पिवळी रसभरी खरी बेरी आहे, द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, आणि स्ट्रॉबेरी नाही. स्ट्रॉबेरीचा लाल भाग म्हणजे फुलाचा फुगलेला देठ आणि त्यावरचे दाणे ही तिची खरी फळं.

वापरा खुशाल. रसभरी आंबट असते, तर लिंबू १५ मिलीवर आणा. आणि पूर्ण पिकलेलीच घ्या, हिरवी खाण्याजोगी नसते.

मांडवीतीर

केलं. फार सुरेख! त्यात हिरव्या मिरचीचा एक उभा तुकडा घातला. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये उराक (काजूच्या बोंडांची दारू) येतो, त्यात लिंबू, मीठ, सोडा आणि चिरलेली मिरची घालतात, ती सवय. टकीलाला मिरची फारच जवळची निघाली.

लांबचा_प्रवासी

इथे तर ग्लासाच्या काठाला तिखट, मीठ आणि लिंबाच्या आंबटाची भुकटी लावतात, फळांच्या गाड्यावरही तीच. घरी करायची तर काश्मिरी मिरचीची पूड, मीठ आणि किंचित लिंबूसत्त्व.

साधाभोळा

मी या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो. माझे धाकटे काका दारूने गेले. तुम्ही सगळे प्रेमाने, नीट लिहिताय, त्यामुळे वाद घालायचा नाही. पण तुमच्या वर्णनावरून हे पेय सरबतासारखं लागत असणार. सरबतासारखं लागणाऱ्या ग्लासात किती दारू आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. तेवढं तरी स्पष्ट लिहा.

रसायन

तुमचं म्हणणं रास्त आहे. हिशोब मांडतो. टकीला ४२.८ टक्क्यांची धरू. ६० मिलीत २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे २० ग्रॅम. बर्फ हलवताना साधारण ४५ ते ५० मिली पाणी उतरतं, ते धरून ग्लास भरतो १६५ मिलीच्या आसपास. म्हणजे तीव्रता साडेपंधरा टक्के, वाईनपेक्षाही जास्त. दोन ग्लास घेतले तर ४० ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं, आणि साखरेमुळे ते जाणवलंही नाही. हे पेय घटाघट प्यायचं नाही. सोबत खायला हवं, पाणी हवं आणि नंतर गाडीला हात लावायचा नाही.

मृद्गंधा

साधाभोळा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. कृती लिहिताना हा हिशोब माझ्या मनात आलाच नव्हता, यायला हवा होता.

काल पुन्हा करून पाहिलं आणि माप बदललं: टकीला ४५ मिली, स्ट्रॉबेरीचा रस २५, लिंबू २०. अल्कोहोल १५ ग्रॅमवर आलं. सुगरणकाकूंची संत्र्याची साल घातली होती, त्यामुळे चव उलट भरली. आता हेच माझं माप. वर लिहिलेलं ६० कुणी वापरू नये असं वाटतं.

पाहुणे आले की काकूंचं बिनदारूचं पेयही तसल्याच ग्लासांत, तसाच मिठाचा काठ लावून ठेवते. कुणाला "तू का घेत नाहीस" असं विचारायची वेळच येत नाही. आणि महाराष्ट्रात २५ वर्षं पूर्ण असल्याशिवाय टकीला विकत घेता येत नाही आणि परवाना लागतो, हेही इथे नोंदवते.

नवखा

रस किती दिवस टिकतो? आणि टकीलातच स्ट्रॉबेरी टाकून ठेवली तर?

मृद्गंधा

रस फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. नंतर रंग तपकिरीकडे झुकतो आणि वास पडतो.

लांबचा_प्रवासी

टकीलात मुरवायची रीत जुनीच आहे. १९३९ साली छापलेल्या एका अमेरिकी पुस्तकात ती "टकीला पोर मी आमांते" या नावाने आहे, म्हणजे माझ्या प्रियजनासाठी टकीला. त्यात तीन आठवडे मुरवायला सांगितलंय. मला फ्रीजमध्ये तीन दिवस पुरेसे वाटतात. त्याहून जास्त ठेवलं की फळ पांढरंफटक पडतं आणि टकीलाला जुनाट वास येतो. फळं पूर्ण बुडालेली हवीत, वर तरंगणारा तुकडा खराब होतो. गाळल्यावर मात्र बरेच दिवस टिकते.

कृष्णाकाठ

मृद्गंधाताई, मार्चअखेरचा माल काढतोय. तुमच्या धाग्यावरून दोघांनी बारीक फळ मागितलं. त्यांना सांगितलं, सकाळी तोडलेलं त्याच दिवशी साखरेत टाका, फ्रीजमध्ये ठेवून वाट बघू नका.

नवखा

ताई, अखेर केलं. मिक्सर नाही, क्रश नाही. डबा हलवताना झाकण निसटलं आणि भिंतीवर लाल शिंतोडे उडाले, पण दुसऱ्या खेपेला जमलं. बायको म्हणाली, स्ट्रॉबेरी खाल्ल्यासारखं वाटतंय. टकीला ४५ मिलीच घेतली.

मृद्गंधा

धागा वर काढतेय. जून लागला, स्ट्रॉबेरी केव्हाच संपली, आणि बाजारात जांभळं आली.

मे महिन्यात करवंदांची करून पाहिली. काळी, पूर्ण पिकलेली घेतली होती, तरी त्यांचा चीक गाळणीला चिकटून बसला आणि पेयात एक जडपणा आला. ती काही मला पटली नाही. तुतीची मात्र मार्चमध्येच झाली होती, अगदी सौम्य, तिला लिंबू जास्त लागतं.

जांभळाला वेगळं वागवावं लागलं. बिया काढून गर घेतला, १५० ग्रॅम गराला ६० ग्रॅम साखर. तुरटपणा इतका की पहिला घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटली. मग रात्रभर न ठेवता दोनच तास ठेवलं आणि गाळताना साली अजिबात दाबल्या नाहीत. तुरटपणा पुष्कळ उतरला. लिंबू फक्त १५ मिली. मीठ थोडं वाढवलं, जांभूळ आपण एरवीही मिठाबरोबरच खातो.

आणि रंग! गडद जांभळ्या रसात लिंबू पडल्याबरोबर तो डोळ्यांदेखत राणी रंगाचा झाला. रसायनदादा, हे का होतं ते लिहा.

रसायन

फळातलं रंगद्रव्य, अँथोसायनिन. आंबट वाढलं की ते लालीकडे झुकतं, कमी झालं की निळ्याकडे. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा प्रयोग मुलांना करून दाखवतो, तोच. जांभळाचा यंदा दाखवीन, अर्थात लिंबाच्या रसाबरोबर.

सुगरण७२

मृद्गंधा, बिनटकीलाचं जांभूळ सांग ना. सोडा घालू का साधं पाणी?

मृद्गंधा

काकू, सोडा. आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. उरलेला रस मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवलाय, चौदा खडे झाले. पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला येणार आहे, डब्यातून घेऊन येते.